वेणीदानाची अनुज्ञा

"आक्का, त्यांना विचारा, कोरडी धोतरे कोणत्या पिशवीत ठेवली आहेत."

आक्कांनी माझ्याकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले.

मला वाटले, ऐकू गेले नसेल. मी आवाज चढवून पुन्हा विचारले. या वेळी आक्कांनी ते बोट आढ्याकडे नेले, दोन्ही हात जोडले आणि जपमाळ उचलून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. खिडकीशी आमचे यजमान उपरणे झटकत उभे होते. माझ्यापासून फार तर चार हातांवर. प्रश्न त्यांच्या कानी पडला होता, हे मला दिसत होते. परंतु तो आक्कांच्या तोंडून आला नव्हता, म्हणून त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

जिन्यात खडावा वाजल्या आणि नीळकंठभट गुरुजी कंदील घेऊन वर आले. प्रयागच्या दारागंजात त्यांच्या माडीवर आम्ही आदल्या दिवशी उतरलो होतो. त्यांचे पूर्वज पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून येथे येऊन राहिलेले. गुरुजी मराठी बोलत, पण ती हिंदीत भिजवून काढलेली असे.

"आई, निघायचे ना? भीड होण्याअगोदर संगमावर पोहोचू. आणि आज मौनी अमावास्या आहे. स्नान होईतो कोणी बोलायचे नाही."

"ते ठीक आहे. पण आक्कांना काय झाले?"

"त्यांनी काल माझ्यासमोर संकल्प केला. तीन दिवसांचे मौन."

"तीन? अमावास्या एका दिवसाची असते."

"मीही तेच म्हटले. तर म्हणाल्या, गुरुजी, सात वर्षे मी दोन माणसांचे बोलणे एकटीने बोलते आहे. मला एका दिवसाने पुरायचे नाही."

यजमान खोकले. आक्कांची पाठ किंचित हलली. ती हसण्याने हलली, असे मला तेव्हा वाटले आणि आजही माझे मत तेच आहे.

ही गोष्ट एकसष्ट सालच्या जानेवारीतली. मी त्या वेळी एक्केचाळीस वर्षांची होते. चाळीसगावात आमचे घर मोठे, माणसांचा राबता मोठा, आणि त्या घरात माझ्या शब्दाबाहेर कोणी पाऊल टाकीत नसे. यजमान वकील. कोर्टात उभे राहिले की दोन-दोन तास बोलत, आणि पाणी समोरच्या पक्षाला प्यावे लागे, असे लोक म्हणत. मात्र सात वर्षांत त्यांनी माझ्याशी एक शब्द उच्चारला नव्हता, आणि मीही त्यांच्याशी नाही. भांडण नव्हते. वाढणे, जेवणे, सणवार, पाहुणेरावळे सारे यथास्थित चालू होते. फक्त जे सांगायचे ते आक्कांमार्फत. आक्का ही यांची थोरली बहीण. सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे केशवपन झालेले, अंगावर तांबडे आलवण, आणि जिभेला मात्र कोणाचा अंकुश नाही.

"सगुणे, तो म्हणतो भाजीत मीठ कमी आहे," असे त्या एका पाटावरून सांगत. मी म्हणे, "त्यांना सांगा, मिठाची वाटी डाव्या हाताला आहे." तोवर यजमानांनी मीठ घेतलेलेही असे, तरी निरोप पुरा केल्यावाचून आक्का घास घेत नसत.

प्रयागची यात्रा सासूबाईंमुळे ठरली. वारण्यापूर्वी दोन दिवस त्यांनी माझा हात धरला होता. "माझे वेणीदान राहून गेले, सूनबाई. तुझे तरी होऊ दे. त्र्यंबकच्या हातून." मी हो म्हटले. सवाष्णीने त्रिवेणीसंगमावर आपल्या वेणीचे टोक अर्पण करायचे, वेणी नवऱ्याने घालायची आणि टोकही नवऱ्यानेच कापायचे, एवढे मला माहीत होते. बाकी काय करायचे असते ते मी विचारले नव्हते. मी एकदा शब्द दिला की तो पाळते. आमच्या तालुक्यात हे कोणालाही विचारावे.

तर त्या पहाटे आम्ही निघालो. वाळूवर लाखो माणसे होती आणि आवाज कोणाचाच नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ गर्दी पाहिली आहे, पण न बोलणारी गर्दी तेवढीच. पावले वाळूत फसफसत होती, कोठे एखादे मूल रडे, कोणी शिंके. उत्तरेकडे माघ सुरू झालेला; आपल्याकडे ती पौषाची अमावास्या. थंडी अशी की दात वाजल्याचा आवाजदेखील मौन मोडल्यासारखा वाटावा.

बांधाच्या उतारावर लोंढा अंगावर आला. त्या भागातली माणसे गर्दीत चुकू नये म्हणून एकमेकांच्या वस्त्रांच्या गाठी मारून चालतात. पुढे म्हातारा, मागे त्याची म्हातारी, मागे सुना, अशी माळच्या माळ. आक्कांनी ते पाहिले. त्या थांबल्या. त्यांनी यजमानांच्या उपरण्याचे टोक ओढले, माझा पदर ओढला आणि दोहोंची अशी करकचून गाठ मारली की लग्नात भटजींनीही मारली नसेल. मी डोळे वटारले. आक्कांनी माझ्याहून मोठे वटारले आणि जपमाळ फिरवीत पुढे चालू लागल्या. त्यांना स्वतःला चुकण्याची भीती नव्हती.

तसे आम्ही पाण्यात उतरलो. बुडी मारताना एकजण वाकले की दुसऱ्यालाही वाकावे लागे. पहिल्या बुडीला मी यांना ओढले, दुसरीला यांनी मला. तिसरीला आम्ही दोघे एकदम गेलो. बाहेर आल्यावर ओल्या गाठीशी यजमान पाव तास झटत होते. अखेर त्यांनी ती दातांनी सोडवली. गुरुजी म्हणाले, "आता बोलायला हरकत नाही." आम्ही कोणीच बोललो नाही.

दुपारी जेवणानंतर गुरुजींनी दुसऱ्या दिवशीच्या विधीची माहिती दिली. यजमान झोपाळ्यावर, मी खांबाशी, आक्का आमच्या बरोबर मध्ये.

"यजमान चौरंगावर मांडी घालून बसतील. आई, तुम्ही त्यांच्या मांडीवर."

"मांडीवर?"

"हो, लहान मुलीसारखे. सगळ्या बसतात. मागच्या महिन्यात पंचाहत्तर वर्षांच्या एक आजी बसल्या. आजोबांची मांडी बधिर झाली, दोघांनी धरून उठवावे लागले. पण आजी खूश! म्हणाल्या, इतकी वर्षे हे माझ्या डोक्यावर बसले, आज माझी पाळी."

आक्कांनी पदर तोंडाशी नेला.

"मग यजमान केस विंचरतील, वेणी घालतील. मग आई अनुज्ञा मागतील, यजमान देतील, आणि दोन अंगुळे टोक कापून आपण नावेतून संगमावर जाऊ."

मी सावध झाले. "अनुज्ञेचा मंत्र तुम्ही सांगाल ना? तुमच्या मागून मी म्हणेन."

माझा विचार असा होता की मंत्र म्हणजे बोलणे नव्हे. संस्कृतात मी देवाशी बोलेन. ते यजमानांच्या कानावर पडले तर माझा इलाज नाही.

"संकल्प मी सांगेन, आई. अनुज्ञा आपल्या बोलीत मागायची. जशी घरात बोलता तशी."

"पोथीत मंत्र नाही?"

"नाही."

"पोथीत नाही, मग ती हवीच कशाला?"

गुरुजींनी नम्रपणे हात जोडले. "आई, पोथी पुरुषांनी लिहिली. ही रीत बायकांनी घातली. पोथीतले काही चुकले तर प्रायश्चित्त सांगता येते. बायकांच्या रीतीला प्रायश्चित्तच नाही."

झोपाळ्याची कडी करकरली. यजमानांनी घसा साफ केला, आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "गुरुजी, अनुज्ञा मान हलवून दिली तर ग्राह्य धरतात का?"

तेव्हा मला समजले की जी वाट मी शोधत होते, तीच तेही शोधत होते.

"नाही, वकीलसाहेब. मुक्याला चालते. आपण मुके नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर छताखाली चौरंग मांडले होते. मी सासूबाईंची हिरवी पैठणी नेसले होते, नाकात नथ, हातात हिरवा चुडा. यजमानांनी सोवळे नेसून मांडी घातली. मी बसले. माझ्या वयाची, माझ्या मानाची बाई भर दिवसा शेकडो लोकांपुढे नवऱ्याच्या मांडीवर! मी मान ताठ ठेवली आणि समोर यमुनेच्या निळसर पाण्याकडे पाहत राहिले. आक्का हातभर अंतरावर वाळूत बसल्या. हा विधी सवाष्णींचा. त्यांनी जवळ यायचे नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

शेजारच्या चौरंगावर सोलापूरकडचे एक तरुण जोडपे होते. नवरा घामाघूम झाला होता.

"अहो, तीन पेड असतात! तुम्ही दोनच घेतलेत."

"तिसरा कुठाय?"

"तुमच्या गुडघ्याखाली!"

सारे हसले. माझ्या मागे यजमानांनी केस मोकळे केले. त्या वेळी ते माझ्या गुडघ्यांपर्यंत येत. मला त्यांचा गर्व होता आणि मी तो लपवीत नसे. मी मनात म्हटले, आता याही बाजूला गोंधळ होणार. परंतु तसे झाले नाही. फणी मुळाकडून न ओढता टोकाकडून वर येऊ लागली, गुंता आधी बोटांनी सुटू लागला, मग तीन सारखे पेड झाले आणि वेणी सरसर उतरू लागली. एकही केस ओढला गेला नाही. आमच्या पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या केसांना कधी हात लावला नव्हता. हे हात शिकले कोठे?

आणि मग मला आठवले. कुमुदच्या वेणीवर.

कुमुद आमची पहिली मुलगी. सकाळच्या घाईत मला सवड नसे. तिची वेणी हे घालीत. ती पायरीवर बसे, हे मागे, आणि वेणी घालता घालता तिचे पाढे, पुढे तिच्या कविता, पुढे तिचे शास्त्राचे धडे म्हणवून घेत. ती मॅट्रिकला केंद्रात पहिली आली, तेव्हा यांनी जाहीर केले, "कुमुद पुण्याला जाईल. डॉक्टर होईल."

त्याच उन्हाळ्यात हे एका खटल्यासाठी आठ दिवस नागपुरास गेले होते. इंदूरहून एक मंडळी आली. घराणे चांगले, मुलगा निर्व्यसनी, टपालकचेरीत कायम नोकरी. त्यांना मुलगी पसंत पडली. मी होकार दिला. सुपारी फुटली, साखर वाटली, तिथीही धरली. हे परत आले तेव्हा दारात शेजारीण त्यांना म्हणाली, "वकीलसाहेब, अभिनंदन!"

ते आत आले. टोपीदेखील काढली नव्हती. "मला विचारायचे नाही?" एवढेच म्हणाले.

मी फराळाचे डबे भरत होते. मी म्हणाले, "विचारून काय होणार होते?"

त्यांनी लग्न थाटात केले. कन्यादान केले. मांडवात सगळ्यांशी हसून बोलले. मुलीची गाडी हलली, आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. चार दिवस मी वाट पाहिली. पाचव्या दिवशी मी ठरवले की आधी मीही बोलणार नाही. मी ठरवले की ते ठरते.

"आई," गुरुजी म्हणाले, "वेणी झाली. अनुज्ञा मागा."

मी पाण्याकडे पाहत राहिले.

"आई, एवढेच म्हणा, मला वेणीदान करायचे आहे, आपली अनुज्ञा असावी."

सात शब्द होते. मी ते मनात मोजले, जुळवले. ते ओठांशी आले आणि तेथेच थांबले. मी घरात नोकरांना, मुलांना, दिरांना, सुतारा-गवंड्यांना दिवसभर सांगत असे. मागत कधी नसे. शेजारचा तरुण आता केव्हाच अनुज्ञा देऊन मोकळा झाला होता आणि त्याची बायको आमच्याकडे टक लावून पाहत होती. गुरुजी चुळबुळले. "नाववाला थांबला आहे, आई."

मी उठून जाऊ शकत होते. कोणी अडवले नसते. पण उठले असते तर सासूबाईंना दिलेला शब्द मोडत होता; आणि या मांडीवरून एकदा उठले की पुन्हा आम्ही दोघे मरेपर्यंत बोलणार नाही, हे मला त्या क्षणी लख्ख दिसले. पाठीमागे यांचे हात वेणीवर स्थिर होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. बहुधा म्हणूनच मला बोलता आले.

"कुमुदच्या वेळी मी तुम्हाला विचारले नाही," मी म्हणाले.

गुरुजी गडबडले. "आई, हे नव्हे, असे म्हणायचे नसते..."

आक्कांनी हात वर करून त्यांना जागच्या जागी गप्प केले.

मग माझ्या कानामागून, अगदी जवळून, खरखरीत आवाज आला. मी तो घरात रोज ऐकत होते. पण माझ्यासाठी निघालेला तो मी विसरून गेले होते.

"नाही विचारलेस."

"विचारायला हवे होते."

"मी नाही म्हटले असते."

"ते ठाऊक होते. म्हणूनच विचारले नाही."

"आणि मी नाही म्हटल्यावर तू ऐकले असतेस?"

मी खोटे बोलत नाही, आणि त्रिवेणीवर तर नाहीच. "नसते ऐकले."

सोलापूरच्या मुलाला हसू आवरेना. बायकोने त्याला कोपर मारले.

"मग तू म्हणालीस तेच खरे," हे म्हणाले. "मला विचारून काय होणार होते?"

मला वाटले, हा टोमणा आहे. परंतु त्यांचा आवाज कोर्टातला नव्हता.

"सगुणा, सात वर्षे मी मनात एकच खटला चालवीत होतो. तू मला विचारले नाहीस, हा. परवा गाडीत जबलपूर सुटल्यावर समोरच्या बाकावर एक मुलगी आईकडून वेणी घालून घेत होती. 'नको, आज दोन घाल,' म्हणत होती. आईने मुकाट्याने सोडून दोन घातल्या. आणि माझ्या ध्यानात आले की कुमुदने मला कधी तसे सांगितले नाही. मी विचारलेच नव्हते. डॉक्टर हो, हेही मी तिला विचारून ठरवले नव्हते. मी पुणे ठरवले. तू इंदूर ठरवलेस. ती मला 'बरं' म्हणाली आणि तुलाही 'बरं' म्हणाली."

नाववाल्याने कोणाला तरी हाक मारली. मी समोरच पाहत होते. पण यमुना आणि गंगा यांच्या पाण्यांतली जी रेघ मघापासून मला स्पष्ट दिसत होती, ती आता दिसेनाशी झाली होती.

मी पदराने डोळे पुसले नाहीत. मी म्हणाले, "मला वेणीदान करायचे आहे. तुमची अनुज्ञा असावी."

"आहे."

कातरी वाजली. दोन अंगुळे टोक त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवले.

"आणखी एक," मी म्हणाले. "परतताना खांडव्याला उतरून इंदूरला जाऊ या का?" आणि चुकीचा समज होऊ नये म्हणून पुढे म्हटले, "सांगत नाही. विचारते आहे."

"जाऊ या," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "आता उठ. मांडी खरोखरच बधिर झाली."

नावेतून आम्ही संगमावर गेलो. केस पाण्यावर तरंगतात, पण तेथे अर्पण केलेली वेणी बुडते, असे म्हणतात. हळदकुंकू वाहून मी ओंजळ पाण्याखाली नेली आणि उघडली. टोक क्षणभर माझ्या बोटांशी रेंगाळले आणि खाली गेले. आक्का नावेच्या दुसऱ्या टोकाला बसून हातवारे करीत होत्या. काहीतरी भयंकर महत्त्वाचे सांगायचे असावे. गुरुजी म्हणाले, "आक्का, संकल्प उद्यापर्यंत आहे. मोडू नका." आक्कांनी कपाळावर हात मारला.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी गुरुजींनी त्यांच्या हातावर तीर्थ घातले आणि मौन सुटले. आक्कांनी तीर्थ पुरते गिळलेही नव्हते.

"सुटले गं बाई! सात वर्षे तुमच्या निरोपांची हमाली केली मी. हमालालासुद्धा कोणी पाणी विचारतो! आणि काय रे त्र्यंबक, खांडव्याला उतरायचे म्हणे? मला कोणी विचारले?"

यजमान माझ्याकडे पाहू लागले, मी त्यांच्याकडे. मग मी म्हणाले, "आक्का, इंदूरला याल का?"

"न यायला काय झाले? नाही तर तिथे दोघे पुन्हा मुके व्हाल." हे म्हणून त्या दुसरीकडे वळल्या, आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा कोणी मला 'याल का' म्हटले, सगुणे. एरवी 'चला' म्हणतात."

खांडव्याला आम्ही छोट्या गाडीत बसलो आणि दुपारी इंदूरला पोहोचलो. कुमुद त्या वेळी तेवीस वर्षांची होती. पदरात चार वर्षांची मुलगी. तिने दार उघडले, हाताला कणीक लागलेली. आम्हा दोघांना एकत्र पाहून तिचा रंग उतरला.

"कोण आजारी आहे?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

"मग पत्र न टाकता... आक्काआत्या, काय झालंय?"

"मला विचारू नकोस," आक्का म्हणाल्या. "मी आता निरोप्याचे काम सोडले. त्यांचे ते बोलतील. चल गं छबे, मला तुमचा परस दाखव." आणि नातीचे बोट धरून त्या मागील दारी निघून गेल्या.

जावई कचेरीत होते, विहीणबाई पुराणाला गेल्या होत्या. आम्ही बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसलो. यजमान मला हळूच म्हणाले, "तू विचार."

"तुम्ही वकील आहात. तुम्ही विचारा."

"उलटतपासणी नाही ही. तू आई आहेस."

कुमुद दारात उभी होती. ती एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. "तुम्ही बोलता?" तिने विचारले. "एकमेकांशी?"

"परवापासून," यजमान म्हणाले.

ती खाली बसली. कणकेचे हात तसेच मांडीवर. मी आयुष्यभर प्रस्तावना केलेली नाही. तेव्हाही केली नाही.

"कुमुद, मॅट्रिक झालीस तेव्हा यांनी तुला पुण्याला धाडायचे ठरवले आणि मी तुझे लग्न ठरवले. तुला त्या वेळी काय हवे होते, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही. ते विचारायला आम्ही आलो आहोत."

मी उत्तराची तयारी करून बसले होते. ती म्हणाली असती, 'मला डॉक्टर व्हायचे होते,' तर ते मी ऐकून घेणार होते. ती म्हणाली असती, 'मी येथे सुखात आहे,' तर यजमानांनी ते ऐकून घ्यायचे होते. गाडीत आमचे तसे ठरले होते.

कुमुद हसली नाही, रडली नाही. बोटावरची कणीक ती अंगठ्याने सोलत राहिली.

"खरं सांगू? मला माहीत नाही. कोणी विचारील, असं मला वाटलंच नव्हतं. म्हणून मी काही ठरवलंच नाही."

माझ्या एवढ्या मोठ्या घरात, माझ्या देखरेखीखाली, सोळा वर्षे एक मुलगी वाढली होती आणि तिला स्वतःला काय हवे हे ठरवण्याची सवय लागली नव्हती. मी मुलींना सर्व काही शिकवले होते. विणकाम, सोवळे, हिशोबी हात, पाहुण्यांची ऊठबस. माझ्या हातून कसूर झाली, असे कोणी आजवर म्हटले नव्हते.

"बरे, तेव्हाचे जाऊ दे," यजमान म्हणाले. "आता?"

"आता काय?"

"आता तुला काय हवे आहे?"

तिने मान वर केली. पुण्याचे नाव काढले तेव्हा आणि इंदूरचे नाव काढले तेव्हाही तिच्या चेहऱ्यावर जे आज्ञाधारक समाधान मी पाहिले होते, ते आता नव्हते. कपाळावर आठी होती. ती आठी मी तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पाहत होते, आणि ती माझीच होती.

"थांबा," ती म्हणाली. "असं एकदम नाही सांगता यायचं. मला विचार करू द्या."

ती उठून आत गेली. लाटण्याचा आवाज आला, मग तो थांबला. बराच वेळ थांबलेलाच राहिला.

मला दोन-तीन चांगल्या गोष्टी सुचल्या होत्या. तिथल्या कन्याशाळेत शिक्षिकांची निकड असते, हे मी ऐकले होते. परिचारिकेचा अभ्यासक्रम होता. घरी मुलीला सांभाळायला आक्का चार महिने राहू शकल्या असत्या. सगळे नीट जुळत होते. मी हाक मारण्यासाठी तोंड उघडले.

यजमानांनी माझ्याकडे पाहिले.

मी तोंड मिटले, पदर सावरला, आणि आतून आवाज येण्याची वाट पाहत बसून राहिले.